ओळींचा कालभ्रंश

परभाषेंतील चित्रपट घरीं बसून पाहणाऱ्या कुटुंबांस एका चमत्कारिक त्रासाचा अनुभव आहे. चित्राच्या पायथ्याशीं संवादांचें भाषांतर ओळींच्या रूपानें उमटत असतें. त्या ओळींस आज सर्वत्र ‘सबटायटल’ हेंच नांव पडलें आहे. चित्रपट सुरू होतो तेव्हां ओठ हलतात आणि ओळ उमटते. सर्व कांहीं यथास्थित असतें. अर्ध्या तासानें ओळ किंचित् उशिरां येत असल्याचा भास होतो. तासाभरानें भासाची खात्री होते. आणि शेवटच्या प्रसंगीं नायिका निरोप घेऊन निघून गेल्यावर रिकाम्या दारावर तिचे शब्द उमटतात. पाहणारे वैतागतात, यंत्रास दोष देतात, ओळी लिहिणाऱ्या अज्ञात माणसास दोष देतात, आणि घरांतील एखादा चतुर मुलगा सर्व ओळी दहा सेकंद अलीकडे ओढून देतो. पांच मिनिटें बरें चालतें, पुन्हां तेंच.

या त्रासास क्षुल्लक मानण्याकडे आमचा कल असतो, कारण आम्हांस ऐकूं येतें. कान शाबूत असलेल्या प्रेक्षकाला ओळ चुकली हें तत्काळ कळतें. भाषा परकी असली तरी आवाजाचा चढउतार कळतो, कोण बोललें तें कळतें, आणि तो मनांतल्या मनांत ओळ उचलून योग्य मुखीं नेऊन बसवितो. ज्यास मुळींच ऐकूं येत नाहीं त्याची गोष्ट निराळी. न्यायालयाचा प्रसंग चालला आहे. वकील विचारतो, ‘त्या रात्रीं तुम्ही तेथें होतां काय?’ आणि साक्षीदार उत्तरतो, ‘नाहीं.’ ओळी तीन सेकंद उशिरां येऊं लागल्या कीं प्रश्न साक्षीदाराच्या तोंडीं जातो व नकार न्यायाधीशाच्या. बहिऱ्या प्रेक्षकास हें चुकलें असें सांगणारें दुसरें साधन नाहीं. हा चित्रपटच असा दुर्बोध आहे अशी त्याची समजूत होते, किंवा आपल्यालाच तो समजत नाहीं अशी. आणि दुसरी समजूत अधिक दुःखाची आहे.

हा दोष आला कोठून? तो ओळी लिहिणाऱ्याच्या हयगयीचा नाहीं, निदान बहुधा नसतो, असें आमचें मत आहे. तो काळ मोजण्याच्या कामीं शंभर वर्षांत केलेल्या तडजोडींचा परिणाम आहे, आणि त्या तडजोडी ध्यानांत घेतल्याशिवाय त्याची दुरुस्तीही नीट होत नाहीं.

मूकपटाच्या काळीं हा प्रश्न नव्हता. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला, तेव्हां त्यांतील निवेदन इंग्रजी व देशी भाषांतील पाट्यांवर होतें. पाटी म्हणजे फिल्मचाच एक तुकडा. फिल्म जलद फिरो कीं मंद फिरो, पाटी आपल्या दोन चित्रांच्या मधली जागा सोडून जाणार कोठें? त्या वेळीं सेकंदाला सोळा फ्रेम हा वेग सामान्यतः मानलेला असे. पण यंत्राचा दांडा माणसाच्या हातांत, आणि हात कधीं घाईचा तर कधीं थकलेला. वाचतां न येणाऱ्यांसाठीं पाट्या मोठ्यानें वाचून दाखविणारा एखादा माणूसही थिएटरांत असे. जपानांत या धंद्यास ‘बेन्शी’ म्हणत, आणि तेथें बेन्शीचें नांव नटाच्या नांवाइतकें लोकांस ओढून आणी. या माणसाचे शब्द चित्रापासून कधीं सुटले नाहींत, कारण त्याची दृष्टि चित्रावर होती. पुढें जें जें यंत्र त्याच्या जागीं आलें त्याला ही दृष्टि नव्हती.

असें एक यंत्र म्हणजे व्हायटाफोन. ६ ऑगस्ट १९२६ रोजीं न्यूयॉर्क शहरीं ‘डॉन जुआन’ हा चित्रपट या यंत्राच्या साहाय्यानें दाखविण्यांत आला. आवाज सोळा इंच व्यासाच्या तबकडीवर, चित्र फिल्मवर, आणि दोन्ही एकाच मोटरीला जोडलेलीं. फिल्मच्या आरंभीं एक खुणेची फ्रेम असे व तबकडीवर एक बाण. खुणेची फ्रेम दारांत व सुई बाणावर ठेवून यंत्र सुरू करावयाचें. एक तबकडी सुमारें अकरा मिनिटें चाले, तेवढ्याच वेळांत हजार फुटांचें रीळ संपे. योजना मोठी हुशारीची होती. तरी तींत दोन प्रकारें घोटाळा होई. सुई बाणावर न ठेवतां जराशी इकडेतिकडे पडली, तर संपूर्ण रीळभर आवाज तेवढ्याच अंतरानें चुकत राही; वाढत नसे, कमी होत नसे. दुसरा घोटाळा फिल्म तुटण्याचा. तुटलेलें टोक कापून पुन्हां जोडलें कीं चारदोन फ्रेम नाहींशा होत, पण तबकडीवरील आवाज कांहीं कापला जात नसे. त्यामुळें जोडापर्यंत सर्व ठीक आणि जोडापासून पुढें आवाज मागें. यावर यंत्र चालविणाऱ्यांनीं काढलेला उपाय आम्हांस फार आवडतो. जितक्या फ्रेम गेल्या तितक्याच काळ्या फ्रेम ते त्या जागीं जोडीत. पडदा क्षणभर अंधारा होई, पण काळाचा हिशेब जुळे. या काळांतील फजितीचें चित्र ‘सिंगिंग इन द रेन’ या १९५२ च्या अमेरिकन चित्रपटांत मोठ्या गमतीनें रंगविलें आहे. त्यांत आवाज व चित्र यांची फारकत होऊन नायिकेच्या मुखांतून खलनायकाचा आवाज निघूं लागतो.

आवाजाच्या आगमनानें आणखी एक गोष्ट झाली, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची. वेग कायमचा बांधला गेला. चित्र थोडें जलद फिरलें तर डोळा चालवून घेतो. आवाज थोडा जलद फिरला तर कान तत्काळ तक्रार करतो. म्हणून मिनिटास नव्वद फूट, म्हणजे सेकंदास २४ फ्रेम, हा वेग ठरला. हा आकडा निसर्गानें दिलेला नाहीं. त्या वेळच्या थिएटरांत चित्रें कोणत्या वेगानें फिरवीत, फिल्म किती महाग पडे, आणि आवाज सुबोध राहण्यास किती वेग लागे, यांचा मेळ घालून केलेली ती सोय होती. पण एकदां सोय रूढ झाली कीं तिला नियमाचें रूप येतें. पुढें आवाज तबकडी सोडून फिल्मच्याच कडेवर आला, तेव्हां व्हायटाफोनचे दोन्ही घोटाळे बहुतेक मिटले.

तथापि बोलपटानें नवाच प्रश्न उभा केला. मूकपटाच्या पाट्या बदलल्या कीं चित्रपट कोणत्याही देशीं चाले. बोलणारा नट मात्र एकाच भाषेंत बोले. आमच्याकडे प्रभात कंपनीनें १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ मराठींत व हिंदींत असा दोनदां घेतला. पॅरिसजवळ जॉइन्व्हिल येथें पॅरामाउंट कंपनीनें तर एकच कथा एकाच देखाव्यांत निरनिराळ्या भाषांच्या नटांकडून पुनःपुन्हां करवून घेण्याचा कारखानाच काढला होता. हा मार्ग खर्चाचा होता. स्वस्त मार्ग म्हणजे चित्राच्या पायथ्याशीं भाषांतर लिहिणें. जानेवारी १९२९ मध्यें पॅरिस येथें ‘द जॅझ सिंगर’ फ्रेंच ओळींसह दाखविण्यांत आला, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत कोपनहेगन येथें ‘द सिंगिंग फूल’ डॅनिश ओळींसह.

या ओळी फिल्मवर उमटविण्याच्या युक्त्या वाचण्यासारख्या आहेत. १९३० सालीं नॉर्वेंतील लाइफ एरिकसन यानें ओळी फिल्मवर ठशानें दाबण्याच्या पद्धतीचें पेटंट घेतलें. दोन वर्षांनीं बुडापेस्ट येथें ऱ्हुश्का व ऑस्लो येथें अर्टनेस या दोघांनीं रासायनिक पद्धत काढली. फिल्मवर मेणाचा पातळ थर द्यावयाचा. तापविलेल्या इवल्याशा ठशांनीं अक्षरांच्या जागेचें मेण वितळवावयाचें. मग ती फिल्म अशा द्रावणांत बुडवावयाची कीं उघड्या पडलेल्या जागेवरील चित्राचा थर निघून जावा आणि अक्षरें पांढरीं शुभ्र दिसावीं. पुढें १९८८ मध्यें पॅरिसचे दनी ओबोआये यांनीं हेंच काम लेसर किरणांनीं करून दाखविलें. ठसा असो, मेण असो कीं किरण असो, गोष्ट एकच: अक्षर फिल्मच्या अंगावर कोरलेलें. पाटीप्रमाणेंच तें चित्रापासून सुटूं शकत नव्हतें. भाषांतर वाईट असेल, अक्षरें पांढऱ्या भिंतीवर बुडून जात असतील. पण तीं वेळ चुकत नव्हतीं.

या सोयीचा लाभ बहिऱ्यांस मात्र लौकर मिळाला नाहीं. मूकपटाचे ते पूर्ण प्रेक्षक होते. बोलपटानें त्यांस थिएटराबाहेर घातलें, कारण आपल्याच भाषेच्या चित्रपटावर त्याच भाषेच्या ओळी घालण्याची गरज कोणास वाटली नाहीं. अमेरिकेंतील एमर्सन रोमेरो हे स्वतः बहिरे व पूर्वीं मूकपटांत काम केलेले गृहस्थ. त्यांनीं १९४७ च्या सुमारास जुने बोलपट मिळवून त्यांत मूकपटासारख्या पाट्या कापून जोडण्यास आरंभ केला. त्यामुळें आवाजाचे तुकडे झाले. परंतु ज्यांच्यासाठीं हें चाललें होतें त्यांस आवाजाचें काय होय! याच धडपडींतून पुढें १९५८ सालीं बहिऱ्यांसाठीं ओळीयुक्त चित्रपट पुरविण्याचा कायदा अमेरिकेंत झाला.

आतां दूरचित्रवाणीकडे वळूं. कारण आज घरोघर पीडा देणारा दोष, म्हणजे क्षणोक्षणीं वाढत जाणारें अंतर, तिच्याच पोटीं जन्मला आहे. व्हायटाफोनच्या दोन घोटाळ्यांत हा नव्हता, कारण तबकडी व फिल्म एकाच मोटरीवर फिरत.

बी. बी. सी. नें नोव्हेंबर १९३६ मध्यें लंडनहून नियमित प्रक्षेपण सुरू केलें. इंग्लंडांतील विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनें करी. चित्रावर विजेच्या लहरींचे पट्टे हलूं नयेत म्हणून चित्राचा वेग त्याच्या निम्मा, म्हणजे २५ फ्रेम ठरविण्यांत आला. अमेरिकेंत प्रवाह साठ आवर्तनांचा. म्हणून तेथें ३० फ्रेम. थिएटरचा चित्रपट तर २४ चा. अमेरिकनांनीं कांहीं फ्रेम पुनःपुन्हां दाखवून २४ चे ३० केले व काळ कायम राखला. युरोपीयांनीं सरळ मार्ग धरला: २४ फ्रेमचा चित्रपट २५ च्या वेगानें सोडून दिला! शेंकडा चार या प्रमाणांत सर्व कांहीं जलद. दोन तासांचा चित्रपट १ तास ५५ मिनिटें १२ सेकंदांत संपतो. गायकाचा स्वर किंचित् चढतो. आणि बहुतेक प्रेक्षकांस त्याचा पत्ताही नसतो. भारतीय दूरचित्रवाणी पोरकी नव्हती कीं आमचा मार्ग वेगळा असावा. आमची वीजही पन्नास आवर्तनांची, म्हणून आम्हींही २५ चाच वेग घेतला.

येथवर आकडे निदान पूर्णांक होते. १९५३ सालीं अमेरिकेनें रंगीत चित्राची पद्धत मान्य केली आणि अपूर्णांक शिरला. रंगाची लहर व आवाजाची लहर एकमेकींत मिसळून चित्रावर जाळी उमटण्याचें भय होतें. आवाजाची लहर हलवावी तर लोकांच्या घरीं असलेले लाखों जुने संच निरुपयोगी होतील. म्हणून इंजिनिअरांनीं चित्राचाच वेग हजारांत एका भागानें कमी केला. ३० चे २९.९७ झाले, आणि त्याच्याशीं जुळवून घेणारा २४ चा चित्रपट २३.९७६ चा झाला. हजारांत एक म्हणजे तासाला ३.६ सेकंद. एवढ्यानें कोणाचें काय बिघडतें, असें त्या वेळीं वाटलें असल्यास नवल नाहीं. पण फ्रेम मोजून वेळ सांगणारें घड्याळ, ज्यास टाइमकोड म्हणतात, तें जेव्हां प्रचारांत आलें, तेव्हां प्रत्येक तासाला १०८ फ्रेमची तूट दिसूं लागली. तीवरील तोड आमच्या वाचकांस ओळखीची वाटेल. प्रत्येक मिनिटाच्या आरंभीं दोन अंक गाळावयाचे, दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळावयाचे नाहींत. म्हणजे तासांत ५४ वेळां दोन, एकूण १०८. येथें फ्रेम एकही गळत नाहीं, फक्त तिचा अंक गळतो. आमच्या पंचांगांत तिथीचा क्षय होतो तेव्हां दिवस कोठें नाहींसा होतो? क्षयतिथीचें तत्त्व अमेरिकेच्या इंजिनिअरांस पंचांग न पाहतां सुचावें याची आम्हांस मौज वाटते. इतकें करूनही दिवसाला सुमारें अडीच फ्रेमची चूक उरतेच.

ज्या लहरींच्या भयानें हा अपूर्णांक आला तें जुनें प्रक्षेपण अमेरिकेच्या मोठ्या केंद्रांवरून १२ जून २००९ रोजीं बंद झालें. अपूर्णांक मात्र गेला नाहीं. आजही असंख्य चित्रपट २३.९७६ च्याच वेगानें घरोघर पोंचतात.

तरीही ओळी चित्रावर कोरलेल्याच राहिल्या असत्या तर वेग कांहींही होवो, त्या चित्राबरोबर जलद वा मंद झाल्या असत्या. त्या सुट्या झाल्या, आणि सुट्या होण्यास कारणही चांगलें होतें: ज्यास हव्यात त्यासच दिसाव्या. बी. बी. सी. नें १९७४ मध्यें सीफॅक्स ही अक्षरसेवा सुरू केली, व पुढें तिच्या ८८८ क्रमांकाच्या पानावर बहिऱ्यांसाठीं ओळी येऊं लागल्या. अमेरिकेंत १६ मार्च १९८० पासून गुप्त ओळींची सेवा सुरू झाली. संचाला विशेष यंत्र जोडलें तरच त्या दिसत. १९९६ च्या अखेरीस जपानांत डी. व्ही. डी. तबकडी विक्रीस आली. तिच्यांत एका चित्रपटाबरोबर अनेक भाषांच्या ओळी स्वतंत्र ठेवलेल्या असत. मग लोकांनीं त्या ओळी तबकडींतून वेगळ्या काढून साध्या मजकुराच्या फाईली केल्या, त्यांचीं भाषांतरें केलीं, एकमेकांस दिल्या. या फाईलींच्या दोन जाती प्रचारांत आल्या. एकींत ओळ कोणत्या फ्रेमपासून कोणत्या फ्रेमपर्यंत दाखवावी याचा अंक. दुसरींत तास, मिनिट, सेकंद व सेकंदाचा सहस्रांश. दुसऱ्या जातीचा प्रसार अधिक झाला, आणि तिच्यांत सहस्रांशापूर्वीं फ्रेंच रीतीप्रमाणें स्वल्पविराम असतो. आतां विचार करावा: युरोपांतील २५ च्या तबकडीवरून काढलेली फाईल अमेरिकेच्या २३.९७६ च्या चित्राशीं जोडली तर काय होईल? दोन घड्याळें, दोन्ही आपापल्या घरीं खरीं. एके ठिकाणीं आणलीं कीं क्षणोक्षणीं अंतर वाढणार.

काळाच्या हिशेबांत अशी चूक मनुष्यजातीला नवीन नाहीं. ज्यूलियस सीझरचें वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारें अकरा मिनिटांनीं मोठें होतें. १५८२ सालापर्यंत त्या अकरा मिनिटांचे दहा दिवस झाले. पोप ग्रेगरीच्या ज्योतिष्यांनीं तेव्हां दोन गोष्टी केल्या: ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणून साचलेली चूक काढून टाकली, आणि शतकाच्या प्लुत वर्षांचा नियम बदलून पुढें चूक साचण्याचा वेगही कमी केला. नुसतीच पहिली गोष्ट करते तर कांहीं शतकांनीं पुन्हां दिवस गाळावे लागते. आमच्याकडे केरो लक्ष्मण छत्रे, विसाजी रघुनाथ लेले, शंकर बाळकृष्ण दीक्षित प्रभृतींनीं एकोणिसाव्या शतकांत पंचांगशोधनाचा जो वाद केला त्याचें मूळही हेंच. सूर्यसिद्धान्ताचें वर्ष सायन वर्षाहून सुमारें २४ मिनिटांनीं मोठें आहे. म्हणून उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस लागतें आणि आम्ही तिळगूळ जानेवारीच्या मध्यावर वाटतों. ओळी दहा सेकंद ओढून स्वस्थ बसणारा मुलगा म्हणजे दहा दिवस गाळून प्लुत वर्षांचा नियम तसाच ठेवणारा ज्योतिषी होय.

यावरून दुरुस्तीची रीत आपोआप निघते. ती भास्कराचार्यांच्या लीलावतींत शिकविलेल्या त्रैराशिकाहून अधिक कांहीं मागत नाहीं. चित्रपटाच्या आरंभींचें एक वाक्य व शेवटचें एक वाक्य, अशीं दोन घ्यावीं. तीं जितकीं दूर तितकीं बरीं. समजा, पहिल्या वाक्याची वेळ फाईलमध्यें २ मिनिटें आहे, पण पडद्यावर तें २ मिनिटें १५ सेकंदांस ऐकूं येतें. शेवटचें वाक्य फाईलमध्यें १ तास ५० मिनिटांवर, पडद्यावर १ तास ५४ मिनिटें ५२ सेकंदांवर. दोन वाक्यांमधील अंतर फाईलच्या हिशेबानें ६४८० सेकंद, पडद्याच्या हिशेबानें ६७५७. भागाकार १.०४२७. आतां कोणतीही मधली ओळ घ्यावी. पहिल्या वाक्यापासूनचें तिचें अंतर या संख्येनें गुणावें व २ मिनिटें १५ सेकंदांत मिळवावें. फाईलमध्यें बरोबर एका तासावर असलेली ओळ १ तास २ मिनिटें ४४ सेकंदांवर जाईल. मुलाच्या रीतीनें ती १ तास ० मिनिटें १५ सेकंदांवर पडली असती, म्हणजे जवळजवळ अडीच मिनिटें आधीं. हा हिशेब हातानें करावा लागत नाहीं. ओळी सुधारण्याच्या प्रत्येक बऱ्या प्रोग्राममध्यें दोन वेळा भरून दिल्या कीं बाकीच्या हजारबाराशें ओळी आपोआप जागीं बसतात.

त्या भागाकाराकडे मात्र थोडें थांबून पाहण्यासारखें आहे, कारण तो रोगाचें नांव सांगतो. १.०४२७ म्हणजे २५ भागिले २३.९७६, अर्थात् फाईल युरोपची व चित्र अमेरिकेचें. १.००१ आला तर १९५३ चा अपूर्णांक. १.०४१७ आला तर थिएटरचा शुद्ध २४ आणि दूरचित्रवाणीचा २५. यांतील पहिला व तिसरा सारखेच दिसतात, आणि घाईंत एकाच्या जागीं दुसरा घेतला जातो. त्याचें फळ असें कीं सर्व चित्रपट बरा जातो व शेवटाकडे ओळी सात सेकंद चुकतात. भागाकार नेमका १ आला, तर वेग ठीक आहे, केवळ सुई बाणावर पडली नाहीं. त्या वेळीं मुलाचीच रीत पुरेशी. वरच्या उदाहरणांतही वेगाचा भाग वजा केला असतां सुमारें दहा सेकंद उरतात. तीं बहुधा चित्रपटाच्या आरंभीं जोडलेल्या एखाद्या कंपनीच्या मुद्रेचीं असतात.

भागाकार यांपैकीं कोणत्याच संख्येशीं जुळला नाहीं, तर समजावें कीं फिल्म कोठें तरी तुटली आहे. जाहिरातींसाठीं पाडलेले खंड, सेन्सॉरनें कापलेला प्रसंग, दिग्दर्शकानें मागाहून वाढविलेला भाग, हीं त्याचीं कारणें. येथें त्रैराशिक चालत नाहीं. तिसरें, चवथें वाक्य मध्यें मध्यें तपासून जोड शोधावा लागतो, आणि त्या जोडापासून पुढच्या ओळी एकत्र हलवाव्या लागतात. काळ्या फ्रेम चिकटविणाऱ्या त्या जुन्या यंत्रचालकाचें काम तेंच आहे. अलीकडे यंत्राकडूनही हें करवितात: चित्रपटांत मनुष्याचा आवाज कोठें आहे व शांतता कोठें आहे याचा एक आलेख यंत्र काढतें, ओळी कोठें आहेत व मोकळ्या जागा कोठें आहेत याचा दुसरा, आणि दोन आलेख एकमेकांवर सरकवून जेथें अधिकांत अधिक जुळतात तेथें थांबतें. शब्दाचा अर्थ त्यास कळण्याची गरज नसते. गाणीं पुष्कळ असलेल्या चित्रपटांत तें फसतें, म्हणून आमच्या चित्रपटांवर त्याची भिस्त ठेवण्यापूर्वीं शेवटचा प्रसंग डोळ्यांनीं पाहून घ्यावा हें बरें.

किती चूक चालेल, याचा एक निर्णय आवाज व ओठ यांच्यापुरता झालेला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीप्रमाणें आवाज सेकंदाच्या ४५ सहस्रांशांनीं आधीं आला तरी लोकांच्या ध्यानांत येतें, पण उशिरां आला तर १२५ सहस्रांशांपर्यंत येत नाहीं. वीज आधीं चमकते व मेघगर्जना मागून येते ही सवय माणसास असल्यामुळें उशिराचा आवाज त्याला स्वाभाविक वाटतो. ओळींच्या बाबतींत सवलत अधिक आहे, कारण वाचण्यास वेळ लागतोच. तरी तेथेंही आधीं येणारी ओळ आम्हांस अधिक वाईट वाटते. विनोद होण्यापूर्वीं हंशा आणि खून होण्यापूर्वीं खुन्याचें नांव, हा काय खेळ झाला? हें अर्थात् ऐकूं येणाऱ्याचें मत आहे. न ऐकणाऱ्यास दोन्ही चुका सारख्याच फसवितात.

आमच्या देशांत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला, आणि दूरचित्रवाणी व चित्रपट बहिऱ्यांस सुलभ व्हावे हें तत्त्व म्हणून मान्य झालें आहे. ओळी आहेत कीं नाहींत एवढेंच पाहून समाधान मानण्याची रीत मात्र सर्वत्र दिसते. त्या वेळेवर आहेत कीं नाहींत हें कोणी पाहत नाहीं. थेट प्रक्षेपणाची गोष्ट सोडून देऊं. तेथें कोणी तरी ऐकतो, लघुलेखनाच्या यंत्रावर किंवा स्वतः पुन्हां उच्चारून यंत्राकडून तें लिहवितो, आणि ओळ कांहीं सेकंद उशिरां येणारच. ज्याचा वेग माणसाच्या बोटांवर वा जिभेवर आहे त्यास गणित लावतां येत नाहीं. पण तोच कार्यक्रम दुसऱ्या दिवशीं पुन्हां दाखवितात तेव्हांही ओळी तशाच उशिरानें चालत असलेल्या पुष्कळदां दिसतात. रात्र मधें गेलेली असते, फाईल तयार असते, आणि त्यांतील उशीर बहुतेक सर्वत्र सारखाच असतो. सर्व ओळी चारपांच सेकंद अलीकडे ओढणें, हें तेथें एक आकडा भरून देण्याचें काम आहे.